पाचशे वॉटचा खोका आणि स्विफ्टचं दार

वाचकाचं पत्र: "मी उमरेडच्या एका महाविद्यालयात शिकवते. नरेंद्रनगरहून रोज स्वतः गाडी चालवत जाते-येते. गाडी २०१८ ची स्विफ्ट, स्टिरिओ कंपनीचाच, चार दारांत चार स्पीकर. मी मुख्यतः शास्त्रीय गायन ऐकते, अधूनमधून पॉडकास्ट. गाडी ऐंशीच्या वर गेली की शब्द कळत नाहीत आणि आवाज वाढवला तर कानाला बोचतो. मागच्या पावसाळ्यापासून डावीकडच्या पुढच्या स्पीकरमधून खरखरही येते. मुलाला घेऊन दोन दुकानं पालथी घातली. एकाने मागच्या ट्रेवर 'सहा बाय नऊ'चे ओव्हल लावा म्हटलं, पाचशे वॉटचे. दुसऱ्याने चारही दारांचे स्पीकर आणि वर ॲम्प्लिफायर असे चाळीस हजार सांगितले. दोघंही माझ्याशी कमी आणि मुलाशीच जास्त बोलले. माझं बजेट पंधरा हजार. मुलाला बेस हवा, मला शब्द हवेत. काय घेऊ?"
एक वाचक, नरेंद्रनगर, नागपूर

ताई, गाडी तुम्ही चालवता आणि पैसेही तुम्हीच देणार, तेव्हा आधी तुमच्या शब्दांचं पाहू. चिरंजीवांचा बेस शेवटी.

उत्तर आधीच देऊन टाकतो. फक्त पुढच्या दोन दारांत साडेसहा इंची कंपोनंट सेट (मोठा स्पीकर आणि उंच पट्टीचा छोटा ट्विटर वेगवेगळे) घ्या, जास्त सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे कमी ताकदीत मोठा वाजणारा. त्याच दोन दारांना आतून नीट डॅम्पिंग, म्हणजे पत्र्याची थरथर थांबवणाऱ्या शीट, करून घ्या. मागच्या दारांना हात लावू नका. ॲम्प्लिफायर आज नको, ओव्हल तर कधीच नको. हे सगळं पंधरा हजारांत बसतं आणि बसलं नाही तर स्पीकर एक पायरी खालचा घ्या, पण डॅम्पिंग कापू नका. आता कारणं सांगतो, कारण दुकानात तुम्हाला हा वाद पुन्हा घालावा लागणार आहे.

पण खरेदीच्या आधी ती खरखर तपासा. स्टिरिओत बॅलन्स पूर्ण डावीकडे आणि फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांतली वाटणी) पूर्ण पुढे करा, म्हणजे तो एकटाच स्पीकर वाजेल. खरखर सुरू झाली की दाराच्या प्लास्टिकवर तळहात दाबून धरा. थांबली तर स्पीकर ठीक आहे, पॅनेलच्या क्लिपा ढिल्या झाल्यात. दार हळूहळू उघडता-मिटता आवाज येत-जात असेल तर बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायर तुटायला आली आहे. हे दोन्ही नसेल तर मेकॅनिकला पॅनेल काढायला लावा आणि स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा शंकूसारखा पडदा, चार बोटांनी, चारही बाजूंनी सारखा, हलकेच आत दाबून पाहा. आत काही घासल्यासारखं लागलं तर व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनामागची तारेची गुंडाळी, जागची सरकली आहे, तो स्पीकर गेला.

तुम्ही 'पावसाळ्यापासून' लिहिलंत म्हणून एक विचारतो. त्याआधी त्या दाराच्या काचेचं किंवा लॉकचं काही काम करून घेतलं होतं का? प्रत्येक गाडीच्या दारात काचेच्या रबरातून पाणी उतरतंच. ते खालच्या भोकांतून निघून जावं अशीच रचना असते, आणि आतल्या बाजूला कोरडं राहावं म्हणून पॅनेलच्या मागे प्लास्टिकचा पातळ पडदा चिकटवलेला असतो. काच दुरुस्त करणारा पोरगा तो पडदा फाडतो आणि परत कसाबसा टाकून देतो. मग पाणी यायला नको तिथे येतं. असं असेल तर नवा स्पीकरही पुढच्या पावसाळ्यात त्याच वाटेने जाईल.

आता ते पाचशे वॉट. खोक्यावर ठळक छापलेला आकडा हा 'मॅक्स' किंवा 'पीक' असतो, म्हणजे क्षणभराचा आणि बऱ्याचदा छापणाऱ्याच्या उत्साहावर ठरलेला. तुम्ही खोका उलटा करून बारीक अक्षरातला 'आरएमएस', म्हणजे स्पीकर सतत पेलू शकतो ती ताकद, शोधा. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की तुमचा स्टिरिओ देतो किती? इंजिन चालू असताना गाडीची वीज साधारण १४.४ व्होल्ट असते. कंपनीच्या साध्या स्टिरिओत हा व्होल्टेज वाढवायची सोय नसते. एवढ्या व्होल्टवर चार ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) स्पीकरला न फाटता देता येईल अशी ताकद कागदावरसुद्धा २६ वॉटच्या वर जात नाही आणि प्रत्यक्षात १८ ते २० वॉटवर थांबते. मग स्टिरिओंवर '५० वॉट गुणिले ४' असं कुठून येतं? १४.४ चा वर्ग करा, ४ ने भागा, उत्तर ५२ च्या आसपास येईल. म्हणजे आवाजाची लहर डोक्यावरून पूर्ण कापून चौकोनी झाली की ५० वॉट मिळतात. तेव्हा गाणं ऐकण्यालायक राहिलेलं नसतं. तुमच्या कानाला जे बोचतं त्यात निम्मा दोष हाच असणार. शब्द कळत नाहीत म्हणून तुम्ही आवाज वाढवता, वीस वॉटचा स्टिरिओ त्याच्या टोकाला जातो आणि लहर कापू लागतो.

म्हणून स्पीकरचे वॉट नाही, सेन्सिटिव्हिटी बघायची. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर तो किती डेसिबल वाजतो, तो हा आकडा. दर तीन डेसिबलला लागणारी ताकद दुप्पट होते. म्हणजे ८६ डेसिबलच्या स्पीकरला ८० वॉट देऊन जेवढा आवाज निघेल, तेवढा ९२ डेसिबलचा स्पीकर २० वॉटमध्ये काढतो. तुमच्याकडे वीसच आहेत. महागड्या, भारदस्त सेटांपैकी बरेचसे ८६-८७ चे असतात, कारण ते ॲम्प्लिफायर गृहीत धरून बनवलेले असतात. तुमच्या स्टिरिओवर ते मरगळल्यासारखे वाजतील आणि मग दुकानदार म्हणेल, बघा, मी ॲम्प्लिफायर सांगितला होता.

यात एक चलाखी चालते, तीही ओळखून घ्या. काही कंपन्या हा आकडा एका वॉटला न देता २.८३ व्होल्टला देतात. चार ओहमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे एक नव्हे, दोन वॉट. तो ९१ म्हणजे आपला ८८. दोन स्पीकरांची तुलना करताना दोन्हींचं मोजमाप एकाच पद्धतीचं आहे ना ते पाहा. ओहमही वाचा. काही ब्रँड मुद्दाम दोन-तीन ओहमचे स्पीकर काढतात, ते जास्त करंट ओढतात म्हणून खणखणीत वाटतात. पण तुमचा स्टिरिओ चार ओहमसाठी असेल तर मे महिन्यात, आधीच तापलेल्या डॅशबोर्डमागे, त्याला हा जादा भार देऊ नका.

नागपूरच्या उन्हाचा विचार स्पीकर निवडतानाही करावा लागतो. पुण्या-मुंबईचे सल्ले वाचून घेतलेली वस्तू इथे टिकेलच असं नाही. पारा पंचेचाळीसच्या वर असताना कॉलेजच्या आवारात दिवसभर उन्हात उभ्या गाडीत आतली हवा साठच्या पुढे जाते आणि डॅशबोर्डचं प्लास्टिक त्याहून तापतं. अशा वेळी कोनाच्या कडेची पट्टी फोमची असेल तर ती काही वर्षांत भुसभुशीत होऊन झडते. रबराची पट्टी घ्या. कोन पॉलिप्रॉपिलीनचा असला तर ओलीचीही चिंता नाही. ट्विटरचा घुमट रेशमी किंवा कापडी घ्या, धातूचा नको. चांगला धातूचा घुमट वाईट नसतो, पण तुमच्या बजेटमधले धातूचे घुमट तार सप्तकात टोचतात. तुमची तक्रार आधीच बोचण्याची आहे.

कोॲक्सियल की कंपोनंट, हे दुकानात विचारतीलच. कोॲक्सियलमध्ये ट्विटर मोठ्या स्पीकरच्या मधोमध बसवलेला असतो. स्वस्त पडतो, बसवायला सोपा. पण स्विफ्टच्या दारात स्पीकर असतो पोटरीच्या उंचीला आणि उंच पट्टीचा आवाज सरळ रेषेत जातो. तो तुमच्या साडीत आणि सीटच्या कापडात जिरतो. आपण शब्द ओळखतो ते मुख्यतः व्यंजनांवरून, आणि स, श, त, क यांची धार असते ती दोन हजार हर्ट्झच्या वरच्या भागात. सिमेंट रस्त्यावर टायरची घरघर खालच्या पट्ट्या भरून टाकते, वरच्या पट्ट्या पायाशी जिरतात, मग गायकाची आस ऐकू येते आणि बोल हरवतात. कंपोनंट सेटमध्ये ट्विटर वेगळा असतो. तो आरशाच्या आतल्या बाजूच्या तिकोनी प्लास्टिकवर बसवून घ्या, कानाच्या रेषेत. पुढच्या काचेच्या खांबावर बसवू का असं विचारलं तर नाही म्हणा. ज्या गाडीत तिथे पडदा एअरबॅग असते त्या खांबाला ड्रिल लावायचं नसतं, आणि नसली तरी तिकोन असताना खांब कशाला? दुहेरी टेपने डॅशबोर्डवर चिकटवलेला ट्विटर एप्रिलच्या शेवटी तुमच्या मांडीत येऊन पडेल, तेही नको.

सेटबरोबर दोन छोटे डबे आले तर उत्तम. हे क्रॉसओव्हर, वरचा आवाज ट्विटरला आणि खालचा मोठ्या स्पीकरला वाटून देणारे. स्वस्त सेटांत ट्विटरच्या वायरवर नुसता एक कपॅसिटर असतो. डब्यांवर बऱ्याचदा ट्विटर तीन डेसिबलने कमी करायची सोय मिळते. तुमच्यासाठी तेवढ्या एका सोयीचे पैसे वसूल आहेत. डबे दाराच्या तळाशी टाकू देऊ नका, तिथे पाणी असतं.

मागचे स्पीकर का बदलायचे नाहीत? कारण मागे बहुतेक दिवस तुमची पर्स बसते. फेडर दोन-तीन घरं पुढे सरकवा आणि ते पैसे पुढच्या दारांत घाला.

आता दार. माझ्या मते सगळा खेळ इथे आहे आणि दुकानात याबद्दल कोणी स्वतःहून बोलत नाही, कारण यात खोका विकला जात नाही, मेहनत मात्र लागते. घरातला स्पीकर लाकडी पेटीत बंद असतो. गाडीतल्या स्पीकरची पेटी म्हणजे तुमचं दार, आणि त्या पेटीला आतल्या पत्र्यात हात जाईल एवढाली भोकं आहेत. स्पीकरचा कोन पुढे आला की पुढे हवा दाबली जाते आणि मागे ओढली जाते. ही मागची लहर पुढचीच्या बरोबर उलटी. भोकांतून ती पुढे आली की दोन्ही एकमेकींना मारतात, आणि सगळ्यात आधी मरतो तो खालचा आवाज. डग्ग्याचा घुमारा, तानपुऱ्याचा खर्ज, पुरुषी आवाजातला भरदारपणा. शिवाय पातळ पत्रा स्वतः थरथरतो आणि प्रत्येक सुराला आपलाच एक सूर जोडतो. फुटक्या मडक्यावर चामडं ताणून डग्गा बनत नाही. स्पीकर चाळीस हजारांचा असला तरी हे दार त्याला वाजू देणार नाही.

उपाय सोपा आहे. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटिल रबराच्या, वर ॲल्युमिनिअमचा पत्रा असलेल्या शीट चिकटवायच्या. पूर्ण पत्रा मढवायची गरज नाही, स्पीकरच्या मागचा भाग आणि मधला मोठा सपाट भाग पुरे. मग आतल्या पत्र्यातली मोठी भोकं त्याच शीटने बंद करायची, मोठ्या भोकांवर आधी पातळ प्लास्टिक किंवा ॲल्युमिनिअमचा तुकडा ठेवून. चिकटवण्याआधी पत्रा अल्कोहोलने पुसायचा आणि शीट रोलरने दाबून बसवायची. एवढंच. पण तीन गोष्टींवर डोळे ठेवा. पहिली, शीट ब्यूटिलचीच हवी. छपराच्या वॉटरप्रूफिंगसाठी वापरतात ती डांबराची शीट दिसायला तशीच आणि खूप स्वस्त असते. ती आपल्या उन्हात मऊ होते, घसरते आणि गाडीत डांबराचा वास सुटतो. तुकडा हातात घेऊन वास घ्या, लगेच कळतं. दुसरी, दाराच्या तळाची पाण्याची भोकं अजिबात बुजता कामा नयेत, नाहीतर दोन पावसाळ्यांत दार आतून गंजेल. तिसरी, काच पूर्ण खाली-वर करून पाहिल्याशिवाय पॅनेल लावू देऊ नका. शीटचा कोपरा काचेच्या वाटेत आला की मग रस्त्यावर काच अडकते.

याचा एक फायदा दुकानदारही सांगत नाहीत. दारं मढवली की बाहेरचा गोंगाट थोडा कमी होतो आणि दार मिटताना 'ढप' असा भरीव आवाज येतो. शांतता मात्र येत नाही. टायरची घरघर फरशीतून आणि चाकांच्या कमानींतून येते, ती राहील. तसं कोणी आश्वासन दिलं तर हसून सोडून द्या.

मापाचं थोडक्यात. तुमच्या पुढच्या दारात साडेसहा इंची बसतो, पण व्यासापेक्षा खोली जास्त दगा देते. काच पूर्ण खाली असताना स्पीकरच्या चुंबकाला लागत नाही ना ते मोजायला सांगा. अंतर कमी पडलं तर मध्ये रिंग घालतात. रिंग प्लास्टिकची घ्या, एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची, दारातल्या ओलीने फुगते. वायर कापू देऊ नका. स्विफ्टसाठी कपलर, म्हणजे कंपनीच्या वायरीत तसेच बसणारे जोड, मिळतात, किरकोळ पैशांत, ते लावले की जुना स्पीकर कधीही परत जोडता येतो. "अरे मॅडम, काटके जोड देंगे, कुछ नहीं होता" असं ऐकू आलं तर दुसरं दुकान बघा.

जोडून झाल्यावर दोन्ही बाजूंची प्लस-मायनस सारखी आहे का हे तिथेच तपासा. एखाद्या बाजूची उलटी लागली तर बेस एकदम गायब होतो आणि गायकाचा आवाज समोरून येण्याऐवजी गाडीभर तरंगत राहतो. परीक्षा अशी: गाणं चालू ठेवून बॅलन्स मधोमध आणा. एका बाजूला ठेवल्यावर आवाज भरदार आणि मध्यावर आणल्यावर पोकळ, असं झालं तर वायर उलटी आहे. पॅनेल लावायच्या आधी साधा दीड व्होल्टचा सेल लावूनही बघता येतं. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला टेकवला की कोन बाहेर यायला हवा.

आता निवड प्रत्यक्ष कानाने कशी करायची? तुमचं नेहमीचं गायन आणि एक पॉडकास्ट पेनड्राइव्हमध्ये घेऊन जा. दुकानातला माणूस त्याचं 'टेस्ट गाणं' लावेल, त्यात धडाधड ढोल असतात आणि त्यावर सगळेच स्पीकर छान वाजतात. त्याच्या फळीवर बटणं दाबून एकामागून एक स्पीकर ऐकवतात, तेव्हा जो जरासा मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो. कान असाच फसतो, त्याला इलाज नाही. म्हणून प्रत्येक स्पीकरला आवाज सारखा करायला लावा, कमी आवाजातच ऐका, आणि फक्त दोन गोष्टी विचारा: बोल कळतात का? आणि दहा मिनिटांनी बंद करावंसं वाटतं का? फळीवरचा बेस विसरून जा, तो तुमच्या दारात तसा वाजणारच नाही. पक्कं जीएसटी बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड घ्या. नावाजलेल्या ब्रँडांचे नकली खोके बाजारात फिरतात आणि बिल द्यायला जो का-कू करतो त्याच्याकडे ते असण्याची शक्यता जास्त.

आणि हो, यावेळी मुलाला घरी ठेवून जा. किंवा न्या, पण पेनड्राइव्ह तुमच्याकडे असू द्या.

पैशांची वाटणी मी अशी करीन: साताठ हजारांचा कंपोनंट सेट, तीन-चार हजार डॅम्पिंगला मजुरीसकट, हजारभर रिंग, कपलर आणि फिटिंगला. उरलेले दोन-चार हजार घरी परत न्या. बसवून झाल्यावर स्टिरिओतला बेस, ट्रेबल शून्यावर आणा, 'लाउडनेस' असेल तर बंद करा आणि आठवडाभर तसंच ऐका. मग गरज वाटली तर एखादं घर हलवा. बेस सहा डेसिबलने वाढवणं म्हणजे त्या पट्टीत चौपट ताकद मागणं. वीस वॉटमध्ये ती नाही, पुन्हा तेच बोचणं सुरू होईल.

आता चिरंजीव. बेस मागणं चुकीचं नाही, दारातल्या स्पीकरकडून मागणं चुकीचं आहे. साडेसहा इंची स्पीकरने ऐंशी हर्ट्झच्या खाली जोर लावला की त्याचा मधला आवाज, म्हणजे तुमचे बोल, गढूळ होतात. पहिल्या दुकानदाराचे ओव्हल तर नकोच. स्विफ्टचा मागचा ट्रे दोन दोऱ्यांवर उचलला जाणारा हलका तुकडा आहे. त्याच्याखाली पेटी नाही, म्हणून बेसही नाही. आणि करकचून ब्रेक लागला तर दोन जड चुंबकं मागे बसलेल्यांच्या डोक्याच्या उंचीवर असतील. त्याला खराच बेस हवा असेल तर सीटखाली बसणारा आठ इंची सबवूफर, म्हणजे फक्त बेसचा स्पीकर, मिळतो, त्यातच ॲम्प्लिफायर असतो, डिकीची जागा जात नाही. कंपनीच्या स्टिरिओच्या स्पीकर वायरींवरूनच त्याला सिग्नल देता येतो. एकच अट, बॅटरीपासून येणाऱ्या वायरला बॅटरीजवळच, फार तर दीड फुटावर, फ्यूज हवा, आणि वायर खऱ्या तांब्याची हवी, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची नको. बोनेटमधून आत येताना वायर पत्र्यावर घासते, आणि फ्यूज नसेल तर तिथे आग लागू शकते. हा खर्च त्याने स्वतःच्या पहिल्या पगारातून करावा असं माझं मत, पण तो तुमच्या घरचा प्रश्न आहे.

जुने स्पीकर दुकानात सोडून येऊ नका. डावीकडचा गेला असेल, पण उजवीकडचा चांगला आहे आणि गाडी विकताना नवा सेट काढून घ्यायचा असेल तर ते भोक भरायला तोच लागेल.